किती झाकायचं ते लिहून द्या

आमच्या ड्रेस्डेनच्या मंडळात अण्णांचा विषय निघाला की अजूनही बायका मुलांना बाहेर खेळायला पाठवतात आणि पुरुष घसा खाकरून हसतात. त्या हसण्याची मला चीड येते. अण्णा आता मंडळात येत नाहीत, त्यामुळे हसायला सगळे मोकळे. ज्या माणसाचे कपडे या लोकांच्या करमणुकीचा विषय झाले, त्याच्याइतका नीटनेटका कपडे घालणारा दुसरा मराठी माणूस मी जर्मनीत पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

अण्णा शर्ट स्टार्च करत. हातरुमालालाही इस्त्री करत. आमच्यासारखी तीच जीन्स सोमवारी आणि तीच गुरुवारी, असला प्रकार त्यांच्याकडे नव्हता. बुटांना पॉलिश, पँटला एकच घडी. कोणी कौतुक केलं तर म्हणत, "घालायचेच तर नीट घालावेत. नाहीतर काढून ठेवावेत." दुसरं वाक्य ते गमतीने बोलत नव्हते, हे मला बरंच उशिरा कळलं.

आम्ही दोघं संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात होतो. मी नवीन लागले तेव्हा ते आमच्या विभागात सगळ्यांत जुने. क्लीनरूममध्ये शिरायचं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, टोपी, मास्क, हातमोजे, वर बूट. उघडे फक्त डोळे. पावडर नाही, अत्तर नाही. आतल्या पिवळ्या उजेडात सगळे एकसारखे दिसत आणि पहिला महिनाभर मी भलत्याच माणसाशी मराठीत बोलत होते. अण्णा मात्र तीस पावलांवरून माणूस ओळखत, तेही चालीवरून. मला म्हणाले, "तू डावा पाय जपून टाकतेस. गुडघा दाखवून घे." बाळंतपणानंतर तो गुडघा दुखत होता आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मी त्यांना सर म्हणायला गेले तर वैतागले. "सर कुणाला म्हणतेस? मिरजेत मला शेंबडी पोरंसुद्धा अण्णा म्हणतात." एकटे राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. बोलताना दर दोन वाक्यांनी 'आल्झो' आणि 'गेनाऊ' यायचं, पण ते जर्मनही मिरजेच्या हेलात.

उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी ते एक कापडी पिशवी घेऊन कामावरून थेट निघायचे. पिशवीत टॉवेल, थालीपिठाचा डबा आणि वर्तमानपत्र. एकदा मी विचारलं, "कुठे?"

"पोहायला. शहराबाहेर तळं आहे, जुन्या वाळूच्या खाणीचं."

"आणि पोहायचे कपडे?"

"तिथे लागत नाहीत."

चहात साखर लागत नाही म्हणावं तसं म्हणाले. मी विचारलं, "सगळेच असे?"

"सगळेच. आजी, आजोबा, पोस्टातली बाई, नातवंडं. इकडे पूर्व जर्मनीत ही जुनी रीत आहे. आणि नियम तीनच. टॉवेलवर बसायचं, कोणाकडे टक लावून बघायचं नाही, कॅमेरा काढायचा नाही. आपल्या मंडळाच्या घटनेत किती आहेत गं?"

मी मंडळाची सेक्रेटरी होते. मोजले तर बावीस निघाले. अण्णा खूश झाले.

यानंतर ते मला उपदेश करतील, तळ्यावर चल म्हणतील, अशी मला धास्ती होती. चुकूनही म्हणाले नाहीत. आपण होऊन हा विषय त्यांनी एकदाच काढला, तोही रागाने. किंडरगार्टनच्या अंगणात उन्हाळ्यात पोरं उघडीनागडी होऊन पाण्याच्या पाइपखाली नाचली, म्हणून आमच्यातल्या चार आयांनी बाईंना तक्रारीचं पत्र द्यायचं ठरवलं आणि मसुदा माझ्याकडे दिला. मी तो अण्णांना जर्मन तपासायला दाखवला. अण्णांनी चष्मा काढला. "ही तीन वर्षांची आहेत. ह्यांच्या अंगात तुम्हाला काय वाईट दिसलं ते आधी मराठीत सांग, मग मी जर्मन करून देतो. तुझा नवरा गावाकडे ओढ्यात काय लेंगा घालून पोहायचा?" मी मसुदा परत घेतला. पत्र गेलं नाही, म्हणून त्या चौघी माझ्याशी महिनाभर फटकून होत्या.

पुढे एकदा मी त्यांना सरळ विचारलं, की तुम्हाला ह्याची सवय लागली कशी. कॅन्टीनमध्ये आम्ही दोघंच होतो. अण्णांनी बटाटे संपवले, ताट बाजूला सारलं आणि सांगितलं.

त्यांच्या अंगावर कोड आहे. पोटाखाली, कमरेवर, मांड्यांवर. चेहरा, हात, छाती-पाठ स्वच्छ, त्यामुळे कपड्यात कोणाला पत्ता लागत नाही. वयाच्या सव्विसाव्या वर्षी साखरपुडा ठरला. अण्णांनी मुलीला आपण होऊन सांगितलं. दोन दिवसांत तिच्या घरून नकाराचा निरोप आला. अण्णांची आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. शेवटी बोलली ती एवढंच, "अरे, कपड्याच्या आत होतं. कोणाला दिसणार होतं?"

"मी म्हटलं, तिला दिसलं असतं की गं आई." अण्णा हसले. मला हसू आलं नाही.

जर्मनीत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात इथल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने आणि त्याच्या बायकोने त्यांना तळ्यावर नेलं. अण्णा दोन तास पँट-शर्ट घालून वाळूत बसले. "आणि गंमत बघ, सगळे माझ्याकडेच बघत होते. अख्ख्या काठावर कपड्यातला मी एकटा." मग घाम असह्य झाला आणि त्यांनी जे व्हायचं ते होऊ दे म्हणून सगळं उतरवलं. पाच मिनिटांत बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं. सहकाऱ्याची बायको तेवढी जवळ आली. आता ही विचारणार, म्हणून अण्णांनी शर्ट पोटाशी धरला. तिने क्रीमची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "पांढऱ्या कातडीवर जरा जाड लावा, तिथे ऊन लवकर भाजतं."

"इतकी वर्षं औषधं, लेप, नवस," अण्णा म्हणाले. "त्या अंगाची काळजी करणारं पहिलं वाक्य मी तिथे ऐकलं."

हे त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही, एवढंच माझ्या बाजूने बोलता येईल.

आता गणपतीचं. अण्णांचे वडील भिक्षुकी करायचे, त्यामुळे सगळी पूजा अण्णांना तोंडपाठ. चौदा वर्षं मंडळाच्या गणपतीची स्थापना त्यांनीच केली. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, बाहेर गार वारा, आत हीटिंग सुरू झालेलं नाही, आणि अण्णा सोवळं नेसून, उघड्या अंगाने दोन तास पाटावर. दोनशे माणसं समोर. बायका एकमेकींना म्हणत, काय तेज आहे बघा अण्णांच्या अंगावर. त्यांच्या नाकासमोर अर्धा माणूस उघडा बसलेला असायचा आणि त्यात कोणाला काही गैर दिसत नव्हतं. अण्णा मंडळाकडून बाकी काही मागत नसत. नाटकात काम नको, सत्कार नको, जेवणाच्या रांगेतही शेवटी. वर्षातून एकदा त्या पाटावर बसायला मिळालं की आपली माणसं आपल्याला आहेत, असं त्यांना वाटायचं. हे ते बोलूनही दाखवत.

त्या वर्षी जुलैमध्ये मंडळाची सहल निघाली. अण्णांचं तळं नेमकं कुठलं ते माझ्यासह कोणालाच माहीत नव्हतं, नकाशावर निळं दिसलं म्हणून तेच निवडलं गेलं. पार्किंग जवळ पडतं म्हणून आमच्या लोकांनी ज्या काठावर चटया अंथरल्या, तिथे 'एफ. के. के.', म्हणजे इथे कपड्यांशिवाय वावरतात, अशी ठळक पाटी होती. ती कुठल्या तरी क्लबची असेल असं सगळ्यांना वाटलं. पोह्यांची पातेली उघडून झाल्यावर मंडळींनी मान वर केली. मुलगी तापाने फणफणली होती म्हणून मी त्या दिवशी गेले नव्हते. मला नंतर कळलं की आमचे सांस्कृतिक प्रमुख तेवढ्यातही फोन काढून उभे राहिले आणि त्यांनी लांबून, झूम करून अण्णांचा फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत तो मंडळाच्या ग्रुपवर आला. खाली हसण्याची चित्रं, हात जोडल्याची चित्रं, 'आमचे गुरुजी' वगैरे. मुलाबाळांचे बाप, मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं. परवानगीशिवाय असा फोटो काढणं आणि वाटणं हा इथे गुन्हा आहे, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत. कचरा चुकीच्या डब्यात गेला तर शेजारी चिठ्ठी लावेल म्हणून घाबरणारी ही माणसं. पण फोटो काढणाऱ्याला कोणी हटकलं नाही. लाज ज्याचा फोटो निघाला त्याला वाटायला हवी, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं.

अध्यक्षांच्या घरी बैठक झाली. सांस्कृतिक प्रमुख हात नाचवत सांगत होते, "अहो, लपणं सोडा, वर हात करून आम्हाला बोलावत होते! बायका-मुलं बरोबर आहेत ह्याचं भान तर?" चटया कोणी कुठे अंथरल्या होत्या, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्या आला आणि मी तो गिळला. अण्णांनी यापुढे असं वागणार नाही म्हणून लिहून द्यावं, तरच स्थापनेला बसवायचं, असं ठरलं. तसं पत्र मी टाइप केलं.

अण्णांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. ते प्रोसेस इंजिनिअर होते, मोघम सूचनेवर त्यांनी आयुष्यात कधी मशीन चालवलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की मंडळाची अट तत्त्वतः मान्य आहे, मात्र अंमलबजावणीसाठी तपशील हवा. कोणत्या ठिकाणी, कोणत्या प्रसंगी शरीराचा कोणता भाग झाकलेला असावा, हे कृपया सोबतच्या आकृतीत रंगवून पाठवावं. पूजेच्या वेळी छाती, पोट, पाठ उघडी ठेवण्याची मंडळाचीच प्रथा आहे, तरी तो भाग पूजेपुरता वगळायचा की कसं, तेही नमूद करावं. किती झाकायचं ते लिहून द्या, मी पाळतो. खाली जर्मन पत्रांत शेवटी लिहितात तसं 'मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन' आणि सही. सोबत माणसाच्या दोन आकृत्या, पुढून आणि मागून, पट्टीने मापं टाकून काढलेल्या.

ही थट्टा नव्हती. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. कमिटीतले सात जण दीड तास त्या आकृतीभोवती बसले. छाती झाकायची म्हटलं तर सोवळं गेलं. छाती चालेल म्हटलं तर तळ्यावर कशी चालत नाही? कमरेपासून गुडघ्यापर्यंत रंगवा, एकाने सुचवलं. मग आपल्या बायका जिममध्ये घालतात त्याचं काय, म्हणून दुसऱ्याने विचारलं आणि स्वतःच ओशाळला. अध्यक्षांचा बीचवरचा, पोट सुटलेला, चड्डीतला फोटो त्यांच्याच फ्रिजवर चिकटवलेला होता. पेन्सिल हातोहात फिरली आणि कागद कोराच राहिला.

आणि मग अध्यक्षांची बायको चहाचा ट्रे ठेवत म्हणाली, "आकृतीचं काय घेऊन बसलात? त्या माणसाच्या अंगावर कोड आहे. फोटोत धडधडीत दिसतंय. चौदा वर्षं आपण त्याच्या हातचं तीर्थ पितोय."

 मग पाच मिनिटांत सगळं उरकलं. दीड तास ज्या नागडेपणावर खल चालला होता, त्याचं नावही पुन्हा निघालं नाही. 'अण्णांच्या वयाचा विचार करून त्यांना यंदापासून विश्रांती देण्यात येत आहे.' अध्यक्षांची बायको पीएचडी आहे. कोड स्पर्शाने होत नाही हे शाळेतल्या पोराला माहीत असतं, आणि होत असतं तरी काय, हे विचारायला माणूस लागतो. मी माणूस नव्हते, सेक्रेटरी होते. इतिवृत्तात 'सर्वानुमते' असा शब्द मी माझ्या बोटांनी टाइप केला. घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, भांडी आपटली. ते सगळं तिथे करायला हवं होतं.

गणपतीच्या दिवशी हॉलमध्ये मोठा पडदा लावला आणि पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओवर बसवलं. गुरुजी उघडेबंब, पोटावर वळ्या, पडद्यावर आठ फूट उंच. त्यांच्या त्या एवढ्या मोठ्या देहाला सगळे भक्तिभावाने नमस्कार करत होते. मला ओरडावंसं वाटलं.

अण्णा आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. सूट, टाय, बुटांना पॉलिश. मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. आजूबाजूच्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

प्राणप्रतिष्ठेच्या ऐन मध्यावर इंटरनेट गेलं. गुरुजी तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजले. अध्यक्ष हातात दूर्वा धरून मूर्तीसमोर तसेच. पुढचं कोणालाच येत नव्हतं. कोणी फोन हलवतंय, कोणी वायर ओढतंय. मग हळूहळू एकेक मान मागे वळली. अण्णा जागचे उठले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि गुरुजींचा शब्द जिथे तुटला होता तिथून पुढे, स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणायला सुरुवात केली. मूर्तीपासून वीस रांगा लांब बसून त्यांनी स्थापना पुरी केली. अध्यक्षांनी त्यांच्या आवाजावर दूर्वा वाहिल्या.

एवढं झाल्यावर तरी! आरती झाली, अध्यक्षांची बायको पेढ्यांचं ताट घेऊन रांगेतून आली. प्रत्येकाच्या तळहातावर पेढा ठेवत होती. अण्णांपाशी आल्यावर तिचा हात वीतभर वर थांबला आणि तिने पेढा वरून सोडला. तो अण्णांच्या बोटाला लागून खाली पडला. अण्णा वाकले, पेढा उचलला, डोळ्यांना लावला आणि खाल्ला. मग रुमालाने बोटं पुसली आणि बाहेर गेले.

मी मुलीला नवऱ्याकडे ढकललं आणि चपला न घालता धावले. ट्रामच्या थांब्यावर त्यांना गाठलं.  "अण्णा, पोलिसात जा. आजच. फोटो कोणी काढला, ग्रुपवर किती वाजता टाकला, सगळं आहे माझ्याकडे. मी साक्ष देते. एकेकाला कोर्टात उभं करा."

अण्णा माझ्या पायांकडे बघत होते. "गार लागेल तुला."

"अण्णा!"

"तो फोटो मी बघितलाच नाही गं," ते म्हणाले. "मी कुठे आहे तुमच्या ग्रुपवर? कसा आलाय?"

मी फोन मुठीत धरला.

"दाखव ना. आहे ना तुझ्याकडे?"

होता. दोन महिने होता. मी तो पुसून टाकला नव्हता. मी फोन त्यांच्या हातात दिला. अण्णांनी चष्मा सावरला आणि खूप वेळ बघितलं.

"मोठा करून बघितलास?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. ज्या जागेबद्दल त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं, तिथेच मी त्या रात्री दोन बोटं ठेवून फोटो ताणला होता. डाग कुठपर्यंत आहेत ते बघितलं होतं. मंडळातल्या सगळ्यांनी केलं तेच, आणि मला तर आधीच माहीत होतं, माझ्याकडे कुतूहलाचंही कारण नव्हतं.

अण्णांनी आपली दोन बोटं काचेवर ठेवली आणि फोटो मोठा केला. फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर फक्त त्यांचा चेहरा होता, ओले केस, बाजूला वर केलेला हात, आणि तोंडभर हसू.

"मला वाटलं, तुम्ही सगळे पोहायला आलात," ते म्हणाले.

ट्राम आली. त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि चढले. तो चेहरा तसाच समोर होता. दोन महिन्यांत मी तो एकदाही बघितला नव्हता.